धनुर्विद्येच्या स्पर्धेला जाताना राखीव साहित्य कोणते न्यावे?

प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील एका शेतकरी पालकांचा आहे. त्यांची १६ वर्षांची मुलगी कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यावर सराव करते. विभागीय शालेय स्पर्धेत तिच्या धनुष्याचा डी-लूप, म्हणजे धनुष्याच्या दोरीवर बाणामागे बांधलेला ओढायचा छोटा फास, ऐन फेरीत तुटला. जवळ लूपच्या दोरीचा तुकडाही नव्हता. दुसऱ्या जिल्ह्याच्या प्रशिक्षकांनी लूप बांधून देईपर्यंत तिचे काही बाण मारायचे राहून गेले. तरीही तिची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली आहे. परदेशातील धनुर्शिकारी मोहिमेवर निघताना दोन पूर्ण धनुष्ये बरोबर नेतात, असे या पालकांच्या वाचनात आले. तेव्हा सोयाबीनचे पैसे हाती आले की त्यात थोडे कर्ज घालून तसेच दुसरे धनुष्य घ्यावे काय, आणि प्रवासात आणखी काय काय राखीव ठेवावे, असे ते विचारतात. त्यांचा धाकटा मुलगा बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळतो. त्याच्यासाठीही सल्ला हवा आहे.

मुलीपुरते उत्तर आधी सरळ देतो. यंदा कर्ज काढून दुसरे धनुष्य घेऊ नये. त्या रकमेच्या अगदी छोट्या भागात तिची पेटी अशी भरता येईल की मैदानावर होणाऱ्या बहुतेक बिघाडांना ती स्वतः तोंड देऊ शकेल. दुसरे धनुष्य ही राखीव साहित्याची शेवटची पायरी आहे. खालच्या पायऱ्या रिकाम्या ठेवून ती चढलो, तर धनुष्ये दोन असतात आणि दोन्हींसाठी लूपची दोरी मात्र एकही नसते.

शिकाऱ्यांचा सल्ला त्यांच्या जागी योग्य आहे. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार होते. मुक्काम दुकानापासून दूर असतो, मोहिमेवर मोठा खर्च झालेला असतो, आणि धनुष्य मोडले तर सारा हंगाम वाया जातो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असल्यामुळे धनुष्याने शिकार हा विषयच उरत नाही, आणि मेळघाट-ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. उलट, जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने धनुष्याची पेटी नेताना स्पर्धेचे प्रवेशपत्र आणि शाळेचे पत्र हाताशी ठेवावे, म्हणजे नाक्यावर विचारपूस झाली तरी खोळंबा होत नाही. दुकानापासूनचे अंतर मात्र त्यांचे आणि आपले सारखेच आहे. कंपाउंडचा सुटा भाग तालुक्याला मिळत नाही, जिल्ह्यालाही सहसा मिळत नाही, आणि मागवलेले पार्सल स्पर्धा संपल्यावर येते.

सारखेपणा येथे संपतो. शिकाऱ्याला जवळच्या अंतरावरून, वीतभर घेराच्या मर्मस्थानावर, बहुधा एकच बाण मारायचा असतो. त्याचे राखीव धनुष्य पहिल्याशी जवळपास जुळले तरी त्याचे काम भागते. आपल्या मुलीला ५० मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यपत्रावर ७२ बाण मारायचे असतात, आणि त्यातले दहाचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम लढत १५० विरुद्ध १४९ अशी जिंकली. जेथे एका गुणावर जगज्जेता ठरतो, तेथे जवळपास जुळणारे राखीव धनुष्य मनाला धीर देते, पण गुण देत नाही. म्हणून माझी कसोटी एकच आहे. ज्या वस्तूवर सरावात बाण मारून झालेले नाहीत, जिचे माप वहीत नाही, ती वस्तू राखीव म्हणून मोजू नये. तिचे फक्त ओझे होते.

आता प्रत्यक्ष बिघाडांकडे येऊ. सर्वांत जास्त त्रास सर्वांत लहान वस्तू देतात. लूप झिजतो, नॉकला (बाणाच्या मागच्या खाचेला) तडा जातो, रेस्टचे (बाण टेकवायच्या आधाराचे) पाते वाकते, साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) स्क्रू कंपनाने सैल होतो, पीपची (दोरीत बसवलेल्या, डोळ्याने पाहायच्या छिद्राची) बांधणी सुटते. यांतले काहीही अचानक होत नाही, आदल्या आठवड्यात नीट पाहिले तर बहुतेक दिसते; पण स्पर्धेच्या गडबडीत पाहायचे राहते, म्हणून सुटे भाग लागतात. लूपच्या दोरीचे तुकडे घरूनच मापाने कापून, टोके लायटरने वितळवून आणि बोंड करून तयार ठेवावेत. सध्याचा लूप सोडून त्याची पूर्ण लांबी मोजावी आणि तेवढ्याच लांबीचे चार तुकडे एका छोट्या पिशवीत घालावेत. लूपची लांबी दोन-तीन मिलिमीटरने बदलली तरी हाताची जबड्याखालची जागा बदलते, आणि मग मुलीला सगळेच काहीतरी वेगळे वाटू लागते. लूप बांधण्याचे काम तिने स्वतः शिकावे. स्पर्धेत पालक प्रेक्षकांच्या बाजूला असतात, आणि प्रशिक्षक कदाचित दुसऱ्या मुलाच्या लक्ष्यामागे उभे असतात.

राखीव वस्तूंत मी पहिला क्रमांक रिलीजला, म्हणजे लूपमध्ये अडकवून दोरी ओढायच्या आणि सोडायच्या हातातल्या साधनाला देतो. रिलीज लहान असतो, तो पिशवीतून पडतो, बसमध्ये राहतो, मैदानाच्या गवतात हरवतो. आणि तो नसेल तर उत्तम धनुष्यही खांद्यावरचे लाकूड होते. दुसरा रिलीज त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा आणि त्याच मापाचा असावा. अंगठ्याने सुटणाऱ्या रिलीजची सवय असलेल्या मुलीच्या हाती ऐन वेळी पाठीच्या ताणाने सुटणारा रिलीज देणे धोक्याचे आहे, कारण अर्ध्या ओढीवर बाण सुटून स्वतःच्या तोंडावर बुक्की बसण्यापासून भलतीकडे जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते. दोन्ही रिलीज आठवड्यातून आलटून पालटून वापरावेत, म्हणजे दोघांचा ताण आणि प्रवास सारखा राहतो आणि कोणता मुख्य व कोणता राखीव हा भेदच उरत नाही. प्रवासात एक पेटीत असावा आणि दुसरा अंगावरच्या पिशवीत.

रेस्टची पोलादी पाती स्वस्त असतात आणि सहज वाकतात, म्हणून दोन जादा ठेवावीत. मात्र पात्याची जाडी आणि रुंदी सध्याच्या पात्याइतकीच असली पाहिजे. पाते बदलल्यावर बाणाची उंची थोडी बदलते, तेव्हा बदललेल्या पात्यावर आधी सराव करून साइटचा आकडा लिहून ठेवावा. स्कोपच्या (साइटवरच्या) भिंगाला जोड नसेल तर निदान भिंग पुसण्याचे स्वच्छ कापड आणि मधल्या ठिपक्याचे जादा स्टिकर असावेत. नॉक दोन डझन घ्यावेत, त्याच रंगाचे, कारण एका फेरीत वापरायच्या बाणांचे नॉक आणि पिसे एकाच रंगसंगतीचे असावेत असा नियम आहे. सर्व्हिंगचा (दोरीवर गुंडाळायच्या संरक्षक आवरणाचा) धागा आणि फेविक्विकसारख्या गोंदाची न उघडलेली नळी असावी. उघडलेली नळी पुढच्या स्पर्धेपर्यंत वाळून दगड झालेली असते.

चाव्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ग्रामीण भागात येथेच हमखास अडते. अमेरिकी बनावटीच्या धनुष्यांचे बहुतेक स्क्रू इंचाच्या मापाचे असतात, आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ॲलन चाव्यांचा जो संच सहज मिळतो तो मिलिमीटरचा असतो. जवळची चावी बसल्यासारखी वाटते, जोर लावला की स्क्रूचे षट्कोनी तोंड गोल होते, आणि मग तो स्क्रू काढायला लेथवाल्याकडे जावे लागते. इंचाच्या चाव्यांचा चांगला संच एकदाच विकत घ्यावा आणि तो घरातल्या मोटारसायकलच्या हत्यारांत मिसळू देऊ नये. धनुष्यावरच्या प्रत्येक स्क्रूला कोणती चावी लागते हे एकदा तपासून वहीत लिहावे. साइट आणि रेस्टच्या स्क्रूंना निळ्या रंगाचे थ्रेडलॉकर एक-एक थेंब लावावे, कारण ते नंतर साध्या चावीने उघडते. लाल रंगाचे लावू नये, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) आणि साइट बसवणाऱ्या स्क्रूंचे आटेही इंची असतात, तेव्हा त्यांचा एक-एक जादा स्क्रू पिशवीत टाकावा.

यापुढची वस्तू स्ट्रिंग (ओढायची दोरी) आणि केबल (दोन्ही टोकांची चाके जोडणाऱ्या दोऱ्या). येथे कंपाउंड आणि रिकर्व्ह (चाके नसलेले, पुढे वळलेल्या टोकांचे धनुष्य) यांचे मार्ग वेगळे होतात. रिकर्व्हवाला मुलगा स्ट्रिंगरने धनुष्य वाकवून मिनिटा-दोन मिनिटांत दुसरी स्ट्रिंग चढवतो. कंपाउंडची स्ट्रिंग प्रेसशिवाय, म्हणजे लिम्ब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय, बदलता येत नाही. त्यामुळे नवी कोरी स्ट्रिंग पाकिटात ठेवून स्पर्धेला जाणे हा मनाचा समज आहे. प्रेस नसेल तर ती चढत नाही, आणि चढली तरी तिच्यावर पीप नाही, लूप नाही, ती अजून ताणून बसलेली नाही. नवी स्ट्रिंग सुरुवातीच्या शंभर-दोनशे बाणांत लांबते आणि फिरते. पीप वळतो, दोन्ही कॅमचा (टोकांच्या चाकांचा) मेळ सरकतो, ओढीचे वजन आणि लांबी थोडी बदलते.

हे बदल किती महाग पडतात, त्याचा हिशेब करून पाहावा. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत डोळ्यासमोरच्या पीपपासून स्कोपपर्यंतचे अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरू. लक्ष्य ५० मीटरवर आहे. पीप स्ट्रिंगवर १ मिलिमीटर सरकला, तर त्या प्रमाणात लक्ष्यावरचा बाण सुमारे ६ सेंटिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सेंटिमीटर आहे. म्हणजे मुलीने काहीही न चुकता मारलेला बाण नवाच्या पट्ट्यात जातो, आणि ती आपला हात, श्वास, पायांची ठेवण यांत दोष शोधत बसते. पीपच्या वर आणि खाली स्ट्रिंगवर पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक खूण करून ठेवली, तर सरकल्याचे लगेच दिसते. कॅमवर स्ट्रिंग कोठे येते, त्याचीही अशीच खूण करावी.

स्ट्रिंगची जोड तयार करण्याची योग्य पद्धत अशी आहे. नवा संच, म्हणजे स्ट्रिंग आणि केबल दोन्ही, स्पर्धेच्या दीड-दोन महिने आधी प्रेसवर चढवावा. त्यावर पीप बसवावा, लूप बांधावा, दोनशे बाण मारावेत, पुन्हा मापे जुळवावीत. धनुष्याची एका आसापासून दुसऱ्या आसापर्यंतची लांबी, ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर), टिलर (दोन्ही लिम्बांपासून स्ट्रिंगच्या अंतरांतला फरक), नॉकिंग पॉइंटची (स्ट्रिंगवर नॉक बसतो त्या जागेची) उंची, ओढीचे वजन, ही सारी मापे वहीत लिहावीत. यानंतर जुना संच जर एकाच हंगामाचा असेल, त्याची सर्व्हिंग कॅमजवळ फाटलेली नसेल आणि एकही धागा तुटलेला नसेल, तर तोच पीप-लूपसह राखीव ठेवावा. तो ताणून बसलेला असतो, म्हणून नव्या कोऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा. काढल्यावर त्याचे पीळ उलगडू नयेत यासाठी दोन्ही टोकांचे फास एकत्र बांधावेत, त्याला चिठ्ठी लावावी आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावा.

राहिला प्रेसचा प्रश्न. हा खर्च एका कुटुंबाने करायचा नाही. एका केंद्रावर कंपाउंडची चार मुले असतील तर हाताने नेता येणारा एक प्रेस सर्वांनी मिळून घ्यावा आणि तो जिल्ह्याच्या चमूसोबत जावा. घेण्यापूर्वी प्रत्येक धनुष्याची पुस्तिका पाहावी. आडव्या समांतर लिम्बांच्या काही धनुष्यांना अशा प्रेससाठी वेगळे कंस लागतात, आणि काही कंपन्या त्याची परवानगीच देत नाहीत. ताणलेल्या लिम्बांत मोठी शक्ती साठलेली असते, प्रेस घसरला तर धनुष्य जाते आणि बोटेही जाऊ शकतात. म्हणून प्रेसचे काम शिकलेल्या एकाच मोठ्या माणसाकडे असावे. स्पर्धेच्या मैदानावर कोणाकडे तरी प्रेस असेलच, या भरवशावर निघू नये.

बाणांच्या बाबतीत एक वाईट सवय सर्वत्र दिसते. नवा डझन आला की जुन्यातले उरलेसुरले, वाकडे जाणारे, पिसे उडालेले बाण राखीव म्हणून नळीत घातले जातात. पात्रता फेरीत एका खेपेला सहा बाण लागतात. तेव्हा एकाच लॉटचे, एकाच लांबीचे, एकाच टोकाच्या वजनाचे बारा बाण असावेत, आणि त्या बाराही बाणांवर क्रमांक असावेत. सरावात प्रत्येक क्रमांकाचा बाण कोठे लागला याची नोंद आठवडाभर ठेवली, की त्यातला एखादा पठ्ठ्या सतत एकाच बाजूला जातो असे दिसून येते. त्याचा नॉक फिरवून पाहावा. तरी तो सुधारला नाही तर त्याला सरावापुरता ठेवावा. उरलेल्यांतून सहा मुख्य आणि किमान चार राखीव निघाले पाहिजेत. बाणाच्या दांड्यावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असणे नियमाने आवश्यक आहे. राखीव बाणांवर ती घालायची राहून जातात.

पिन-नॉक (दांड्यातल्या पिनेवर बसणारे नॉक) वापरले तर मागून बाण बसल्यावर पिन वाकते किंवा नॉक फुटतो आणि दांडा बहुधा वाचतो. परंतु बाणावर बाण बसला की तो बाण कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहिल्याशिवाय पुन्हा लावू नये. कार्बनला बारीक चीर असेल तर करकर ऐकू येते. असा बाण सुटताना फुटून त्याच्या काड्या हातात शिरतात. तडा गेलेला नॉक स्ट्रिंगवरून निसटला, तर रिकामे धनुष्य सुटल्यासारखे होऊन लिम्ब आणि कॅम जाऊ शकतात. काही रुपयांचा नॉक आणि लाखावर गेलेले धनुष्य यांचा संबंध असा थेट आहे. ही तपासणी प्रत्येक खेपेनंतर बाण काढताना करायची असते.

आता दुसऱ्या धनुष्याकडे. १६ व्या वर्षी मुलीची उंची आणि खांदे अजून बदलत असतील, तर ओढीची लांबीही बदलेल. आज घेतलेल्या दोन सारख्या धनुष्यांचे मॉड्यूल (ओढीची लांबी ठरवणारे कॅमवरचे भाग) वर्षभरात दोनदा बदलावे लागतील, वजन वाढवावे लागेल, त्याप्रमाणे बाणही बदलतील. म्हणजे प्रत्येक खर्च दुप्पट. माझे मत असे की मुलीची ओढ वर्षभर स्थिर राहिली आणि ती राज्याच्या पुढे राष्ट्रीय स्पर्धेत नियमित जाऊ लागली, की मग पुढचे धनुष्य घ्यावे, आणि तेव्हा सध्याचे विकू नये. सध्याचे धनुष्य हेच तिचे राखीव धनुष्य होईल. त्यासाठी पुढचे धनुष्य निवडतानाच पाहावे की तेच बाण दोन्ही धनुष्यांवर चालतात की नाही. एका धनुष्याला एका कडकपणाचे आणि दुसऱ्याला दुसऱ्या कडकपणाचे बाण लागत असतील, तर प्रवासात दोन डझन बाण न्यावे लागतील आणि ऐन वेळी बाणांच्या नळ्यांची अदलाबदल होईल.

दोन धनुष्ये जुळवताना ओढीचे वजन जुळले की झाले असे समजतात. मुलीला प्रत्यक्षात जाणवते ते धरून ठेवण्याचे वजन. ५० पाउंडांच्या धनुष्याला ७० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढीवर वजनात होणारी घट) असेल तर धरायला १५ पाउंड उरतात. ६५ टक्के असेल तर साडेसतरा. हा अडीच पाउंडांचा फरक नेम धरताना स्पष्ट कळतो. एका धनुष्यावर ठिपका शांत बसतो, दुसऱ्यावर तो भिरभिरतो. म्हणून लेट-ऑफ, पीपची उंची, लूपची लांबी, मुठीवरची पट्टी, स्टॅबिलायझरवरची वजने, हे सर्व सारखे करावे. साइट दोन नसतील तर निदान साइटचे कंस दोन घ्यावेत. दोन्ही धनुष्यांवर कंस कायम ठेवून फक्त साइट सरकवायची, आणि दुसऱ्या धनुष्यावर आकड्यात किती फरक पडतो ते साइटच्या दांड्यावर चिकटपट्टीने लिहायचे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सराव राखीव धनुष्यावर करावा. ७२ बाणांच्या फेरीत दोन धनुष्यांच्या गुणांत दहाच्या आत फरक राहू लागला, की ते धनुष्य राखीव म्हणावे.

एका केंद्रावर दोन-तीन मुलांत मिळून एक राखीव धनुष्य ठेवण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. मॉड्यूल फिरवून ओढ बदलणाऱ्या धनुष्यांवर ती अर्धी यशस्वी होते. ओढ बदलता येते, पण पीपची उंची प्रत्येकाची वेगळी असते. दोन मुलींची उंची, हात आणि जबड्याची ठेवण योगायोगाने जुळत असेल तर हा मार्ग उत्तम आहे. जुळत नसेल तर असे धनुष्य पात्रता फेरी कशीबशी पूर्ण करायला उपयोगी पडते, सामना जिंकायला पडत नाही. तरीही काहीच नसण्यापेक्षा ते बरे, आणि खर्च तिघांत वाटला जातो.

प्रवासाविषयी आपल्या भागाला एक विशेष काळजी घ्यावी लागते, ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या किंवा एसटीच्या डिकीतले तापमान त्याहून कितीतरी वाढते. अशा उष्णतेत स्ट्रिंग लांबते, बाणाच्या टोकांना लावलेला तापवून बसवण्याचा डिंक मऊ होतो आणि टोक लक्ष्यातच राहते, पिसे सुटतात, लिम्बांचे थर वेगळे होण्याचीही भीती असते. पेटी काळ्या रंगाची असेल तर तिच्यावर पांढरी चादर टाकावी आणि ती माणसांबरोबर आत घ्यावी. मलकापूर, शेगाव किंवा अकोल्याहून रेल्वेने जाताना खालच्या बर्थखाली साखळीने बांधलेली पेटी सर्वांत सुरक्षित. विमानाने जाण्याची वेळ आली तर धनुष्य आणि बाण दोन्ही चेक-इनच्या सामानातच द्यावे लागतात. लायटर तेथे चालत नाही, म्हणून लूपच्या तुकड्यांची टोके घरूनच वितळवलेली असावीत. साइटचे भिंग, रिलीज आणि मापांची वही हातातल्या पिशवीत ठेवावी. वहीच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये असावेत.

पावसाळ्यातल्या स्पर्धांसाठी स्ट्रिंगचे मेण, दोन पंचे आणि बूट बदलण्याची सोय एवढे पुरते. काळ्या मातीत रुतलेले बूट घेऊन रेषेवर उभे राहिले की पायाची उंची बदलते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

मैदानावर पोहोचल्यावर साहित्य तपासणीत राखीव साहित्यही पंचांना दाखवावे. राखीव धनुष्य, दुसरा रिलीज, जादा बाण, सारे. तपासणी न झालेले धनुष्य नंतर काढले तर प्रश्न उभे राहतात, आणि ते वेळ खातात. पात्रता फेरीत बिघाड झाल्यास काय सवलत आहे, हे स्पर्धेआधीच्या बैठकीत प्रशिक्षकांनी विचारून घ्यावे. बाद फेरीच्या सामन्यांत साहित्य बिघडले म्हणून जादा वेळ मिळत नाही. आळीपाळीने बाण मारण्याच्या पद्धतीत एका बाणाला २० सेकंद असतात. सांघिक सामन्यात तिघींनी मिळून सहा बाण दोन मिनिटांत मारायचे असतात. इतक्या वेळात लूप बांधून होत नाही. राखीव धनुष्य असलेच तर ते साइट लावून, प्रतीक्षा रेषेच्या मागे स्टँडवर तयार उभे असले पाहिजे. पेटीत बंद असलेले धनुष्य सामन्यापुरते घरीच राहिल्यासारखे आहे.

येथे कंपाउंडची बाजू अधिक कठीण आहे, हेही जाणून घ्यावे. रिकर्व्हचा वैयक्तिक सामना सेट पद्धतीने होतो, त्यामुळे एक बाण वाया गेला तर फार तर तो सेट जातो आणि पुढचा नव्याने सुरू होतो. कंपाउंडमध्ये १५ बाणांची बेरीज होते. एक बाण मारायचा राहिला की दहा गुण गेले, आणि दोन्ही बाजू १४० च्या वर खेळत असताना ते भरून निघत नाहीत. म्हणून कंपाउंडवाल्याची खरी राखीव व्यवस्था सामन्याआधीच्या अर्ध्या तासात असते. लूप, पीपच्या खुणा, कॅमजवळची सर्व्हिंग, साइटचे स्क्रू, रेस्टचे पाते, प्रत्येक नॉक, या क्रमाने दररोज, सामन्यापूर्वी, हात लावून पाहणे. ही तपासणी मुलीने करावी आणि प्रशिक्षकांनी तिच्याकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यावी. लूप जरा जरी केसाळ दिसला तर तो त्याच वेळी बदलावा आणि सरावाच्या बाणांत त्याची खात्री करून घ्यावी. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून मात्र हौसेने कोणतीही वस्तू बदलू नये.

धाकट्या मुलासाठी सल्ला बरोबर उलटा आहे. बांबूच्या धनुष्याला प्रेस लागत नाही, साइट नसते, आणि किंमतही कंपाउंडच्या तुलनेत नगण्य असते. पण बांबू हवेतला ओलावा घेतो, दोरी चढवून ठेवला तर वाकडा राहून मंद होतो, आणि कधी गाठीजवळ सरळ मोडतो. तेव्हा त्याच्या बाबतीत पहिली राखीव वस्तू म्हणजे दुसरे धनुष्यच. शक्य असेल तर दोन्ही एकाच कारागिराकडून, एकाच बांबूच्या शेजारच्या पट्ट्यांतून करून घ्यावीत आणि तराजूवर ओढून वजन जुळवावे. दोन्ही धनुष्ये दिवसाआड वापरावीत आणि सराव संपला की दोरी उतरवावी. ताणलेल्या दोन दोऱ्या मेण लावून बरोबर असाव्यात. पावसात पिसे चिकटून बसली तर ती किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा उभी राहतात. मोडण्याचे चिन्ह आधी पोटाकडच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडे असलेल्या बाजूला, आडव्या बारीक सुरकुतीसारखे दिसते. अशी सुरकुती दिसलेले धनुष्य पुन्हा पूर्ण ओढू नये, कारण ते मोडते तेव्हा तुकडा ओढणाऱ्याच्या चेहऱ्याकडेच येतो.